गोळी तीच, डोस तोच, मग एकीचं व्हिटॅमिन डी वाढतं आणि दुसरीचं का वाढत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही आणि तुमची धाकटी बहीण, दोघींचंही व्हिटॅमिन डी १२ नॅनोग्रॅम निघालं. दोघींना रोज २००० युनिटची गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी तिचा रिपोर्ट २८ आला आणि तुमचा २०. तिचं वजन ५४ किलो, तुमचं ९८. एकही गोळी चुकवलेली नसताना तुम्हाला "नीट घेतली नसणार" असं ऐकून घ्यावं लागलं. आता तुमच्या मनात तीन गोष्टी आहेत: हे असं का झालं, डोस दुप्पट करावा का, आणि वजन न उतरण्याचं कारण ही कमतरताच तर नाही ना.

सगळ्यात आधी सांगतो, तुमच्या बोलण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. हार्मोन्सच्या आजारांवर उपचार करताना इतकी वर्षं मी हेच चित्र पाहत आलोय. वजनदार माणूस इमानेइतबारे गोळ्या घेतो, आकडा हलत नाही, आणि दोष त्याच्याच माथी येतो. वजनावरून आधीच खूप काही ऐकलेल्या माणसाला हे आणखी एक ऐकावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण दोन आकड्यांमधला हा फरक वजनावरूनच बऱ्यापैकी आधी सांगता येतो. कसा, ते खाली गणित मांडूनच दाखवतो.

आधी रिपोर्टमध्ये नेमकं काय मोजतात ते पाहू. त्वचेवर ऊन पडलं की तिथे व्हिटॅमिन डी-३ तयार होतं. गोळीतही बहुतेक वेळा हेच असतं. हे कच्चं रूप. ते यकृतात जातं आणि तिथे त्याचं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी होतं. मग गरजेप्रमाणे मूत्रपिंड त्यातून कामाचं, सक्रिय रूप बनवतं. प्रयोगशाळेत मोजतात ते मधलं, यकृतात झालेलं रूप. ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून मोजायला सोयीचं. सक्रिय रूप काही तासांतच निघून जातं. पण हे सगळं मोजमाप रक्तातलं आहे. चरबीत, स्नायूंत किती आहे हे या तपासणीत कळत नाही. एक मिलिलिटर रक्तात किती सापडलं एवढंच तो कागद सांगतो. शरीरात एकूण किती साठा आहे, हा वेगळा प्रश्न आहे.

आता चरबीची पेशी डोळ्यांसमोर आणा. सूक्ष्मदर्शकाखाली ती अंगठीसारखी दिसते. मधे तेलाचा एकच मोठा थेंब, आणि पेशीचं केंद्रक कडेला चेपून बसलेलं. व्हिटॅमिन डी-३ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. रक्त हे मुख्यतः पाणी, त्यामुळे तिथे त्याला एका वाहक प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरावं लागतं. ही पकड फार घट्ट नसते. रक्त चरबीतून वाहताना बरंचसं कच्चं डी त्या तेलाच्या थेंबात उतरतं. यकृतातून आलेल्या रूपाला मात्र ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जास्तीची जोडी चिकटलेली असते. त्यामुळे ते तेलाकडे कमी ओढलं जातं आणि वाहक प्रथिन त्याला जास्त घट्ट धरून ठेवतं. डुकरांच्या ऊती तपासून केलेला एक हिशेब २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात कच्च्या डीपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश साठा चरबीत निघाला, तर २५-हायड्रॉक्सी रूप रक्त, स्नायू आणि चरबी यांत बरंच विखुरलेलं होतं. म्हणजे चरबी अडवते ती मुख्यतः कच्चा माल, यकृतापर्यंत पोहोचण्याआधीच.

चरबी हे डीचं कोठार आहे ही गोष्ट नवी नाही. किरणोत्सर्गी खूण लावलेलं डी उंदरांना देऊन ते कुठे साठतं याचा माग १९७१ सालीच काढला गेला होता, आणि ते चरबीत सापडलं होतं. माणसांच्या बाबतीत मला आजही सर्वांत बोलका वाटतो तो २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास. सामान्य वजनाचे १९ आणि स्थूल १९ अशा लोकांना ठरावीक मात्रेत अतिनील किरणं दिली. २४ तासांनी रक्त तपासलं तेव्हा स्थूल गटात व्हिटॅमिन डी-३ची वाढ ५७ टक्क्यांनी कमी होती. मग त्यांची त्वचाच कमी डी बनवते का, हेही त्यांनी पाहिलं. तर नाही. त्वचेतला मूळ कच्चा पदार्थ आणि त्याचं किरणांखाली होणारं रूपांतर दोन्ही गटांत सारखंच होतं. माल तयार होत होता, पण रक्तात पोहोचत नव्हता. "जाड माणसं उन्हात जात नाहीत म्हणून त्यांचं डी कमी" हे सर्रास ऐकू येणारं स्पष्टीकरण त्या प्रयोगापुढे अपुरं पडतं. काही जण बाहेर कमी पडत असतीलही, पण इथे ऊन दोघांनाही सारखंच मोजून दिलं होतं.

त्या अभ्यासानंतर "चरबी डीला कोंडून ठेवते" हा शब्दप्रयोग रूढ झाला. मला तो तितकासा पटत नाही. कोंडणं म्हटलं की एकदा आत गेलेलं बाहेरच येत नाही असं वाटतं. २०१२ साली क्रेटन विद्यापीठातल्या संशोधकांनी ६८६ जणांच्या आकड्यांवरून वेगळा अर्थ लावला. त्यांचं म्हणणं असं, की हा मुख्यतः विरलतेचा परिणाम आहे. एक चमचा रंग तांब्यात टाकला तर पाणी गडद होतं, तोच चमचा बादलीत टाकला तर फिकट. रंग कुठे गेला नाही, पाणी जास्त आहे. शरीराचा आकार हिशेबात धरल्यावर स्थूल आणि इतर यांच्यातला फरक त्यांच्या आकड्यांत उरला नाही.

पण इथे थोडं थांबावं लागतं, कारण बादलीचं उदाहरण अर्धंच खरं आहे, आणि तुमच्या रिपोर्टचा अर्थ लावायला उरलेलं अर्धं फार महत्त्वाचं आहे. गोळी आपण एकदाच घेत नाही, रोज घेतो. तेव्हा बादलीऐवजी टाकी धरा. वरून नळ चालू आहे आणि तळाला एक भोक आहे. पाणी जितकं वर चढेल तितकं ते भोकातून जोरात वाहील. कधीतरी येणारं आणि जाणारं पाणी बरोबर होतं आणि पातळी स्थिरावते. टाकी रुंद असली तर ती पातळी गाठायला वेळ जास्त लागतो, पण पातळी शेवटी किती उंच जाईल हे नळ आणि भोक ठरवतात, टाकीची रुंदी नाही. म्हणजे निव्वळ विरलता असती, तर वजनदार माणसाचा आकडा उशिरा का होईना बारीक माणसाइतका वर गेला असता. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांतही तो कमीच राहतो. व्हायटल नावाच्या मोठ्या चाचणीत २५,८७१ जण होते आणि डोस तुमचाच होता, रोज २००० युनिट. त्यातल्या ज्यांचं रक्त तपासलं, त्यांच्यात उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, जितका जास्त तितकी डीची वाढ कमी होती. हे विश्लेषण २०२३ साली आलं.

मग भोक मोठं आहे की नळ बारीक? माझ्या मते दोन्ही. शरीर मोठं असेल तर डी वापरणाऱ्या आणि मोडून टाकणाऱ्या ऊतीही जास्त असतात. आणि नळाचं बोलायचं तर, यकृतात कच्च्या डीचं २५-हायड्रॉक्सी रूप करणारं मुख्य विकर म्हणजे सीवायपी२आर१. चरबीयुक्त आहार देऊन स्थूल केलेल्या उंदरांच्या यकृतात या विकराचं काम मंदावलेलं आढळलं आहे. म्हणजे चरबी केवळ कोठार नाही, ती यकृताच्या कारखान्यावरही परिणाम करत असावी. पोटाच्या आतली चरबी आणि यकृतात साठलेली चरबी बहुधा हातात हात घालून येते. त्यामुळे कंबर सुटलेल्या रुग्णाचं डी कमी दिसलं, की मी यकृताकडेही लक्ष देतो.

आता तुमचं गणित. त्याच क्रेटनच्या गटाने नंतर स्थूल प्रौढांना वेगवेगळे डोस देऊन एक अंदाज बांधला: रक्तातलं डी १ नॅनोग्रॅमने वाढवायला दर किलो वजनामागे रोज साधारण २.५ युनिट लागतात. तुमचे ९८ किलो, म्हणजे एका नॅनोग्रॅमला २४५ युनिट. २००० भागिले २४५, उत्तर ८ च्या थोडं वर. १२ अधिक ८, झाले २०. तुमचा रिपोर्ट नेमका तेवढाच आहे. बहिणीचं गणित याच पद्धतीने केलं तर १५ची वाढ, म्हणजे २७ येतं. हे सूत्र स्थूल लोकांवरून काढलेलं असल्याने तिच्या बाबतीत मी त्यावर फार भर देणार नाही, तरी २८ काही फार लांब नाही. तुम्ही गोळ्या नीट घेतल्या, याचा याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही. प्रत्येकाचं शरीर सूत्राप्रमाणेच चालेल असं नाही. चार-पाच नॅनोग्रॅम इकडेतिकडे होणं नेहमीचं आहे. प्रयोगशाळा बदलली तरी तेवढा फरक पडू शकतो.

तर मग डोस दुप्पट करायचा का? स्वतःच्या मनाने नाही. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ सालच्या मार्गदर्शनात स्थूल व्यक्तींना इतरांच्या दोन ते तीन पट डी लागतं असं म्हटलं होतं, आणि बरेच डॉक्टर आजही तो आधार घेतात. याच संस्थेने २०२४ साली भूमिका बरीच बदलली. अमुक आकड्याच्या वर म्हणजे पुरेसं, अशी रेषा ओढणं त्यांनी सोडलं. एरवी निरोगी असलेल्या स्थूल प्रौढांची केवळ वजनासाठी सरसकट डी तपासणी करू नये, असंही सुचवलं. मला हा बदल योग्य वाटतो. दुसरीकडे, हाडांच्या दृष्टीने २० नॅनोग्रॅम बहुतेकांना पुरेसं असतं असं अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० साली ठरवलं होतं, आणि देखरेखीशिवाय रोज ४००० युनिटच्या पुढे जाऊ नये ही मर्यादाही घातली होती. या मोजपट्टीवर तुमचा २० हा आकडा "फसलेला उपचार" ठरत नाही. तुम्ही तळातून वर आला आहात.

मनाने डोस वाढवू नका असं मी इतकं ठासून का सांगतो, त्यामागे एक अनुभव आहे. आकडा वाढत नाही म्हणून एका गृहस्थांनी आठवड्याला एक घ्यायचा मोठा डोस कित्येक महिने रोज घेतला. आले तेव्हा तोंडाला कोरड, सतत लघवीला जाणं, बद्धकोष्ठता आणि सुस्ती. रक्तातलं कॅल्शियम खूप वर गेलं होतं. औषध त्याच दिवशी बंद केलं, पण कॅल्शियम पूर्ण ताळ्यावर यायला महिने लागले. कारण तेच कोठार. चरबीत साठलेलं डी औषध थांबल्यावरही झिरपत राहतं. पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, डीला ती वाट नाही. वजनदार माणसाचा आकडा हळू चढतो, म्हणून त्याला अतिरेकाचा धोकाच नाही, असा समज करून घेऊ नका.

वजन न उतरण्याचं कारण डी आहे का, याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की कोणती कारण आणि कोणती परिणाम हे सांगणं अवघड असतं. पण जनुकं जन्मापासून ठरलेली असतात, त्यांचा आधार घेऊन हा गुंता सोडवता येतो. २०१३ साली ४२,००० लोकांच्या आकड्यांवर असा अभ्यास झाला. वजन वाढवणारी जनुकं असलेल्यांचं डी कमी निघालं: बीएमआय १० टक्क्यांनी वाढला तर डी साधारण ४ टक्क्यांनी कमी. उलट दिशेने पाहिलं, तर डी कमी ठेवणाऱ्या जनुकांमुळे वजन वाढत असल्याचा पुरावा मिळाला नाही. डीच्या गोळ्या देऊन वजन उतरतं का हे पाहणाऱ्या चाचण्यांतही तसा ठोस फायदा दिसलेला नाही. तेव्हा आकडा ४० झाला की वजन आपोआप उतरेल, या आशेवर राहू नका. तुमच्या प्रयत्नांना यश येत नसेल तर थायरॉइड, झोप, चालू औषधं, आहार असं सगळं बघायला हवं. डीवर बोट ठेवून थांबलो तर खरं कारण तसंच राहून जातं.

मग कमी आकड्याची काळजी करायचीच नाही का? करायची, पण माणूस तपासून. स्थूल व्यक्तींचं डी कमी असूनही हाडांची घनता बहुधा इतरांपेक्षा कमी नसते. वजनाचा भार हाडांना बळकट ठेवतो आणि चरबीत तयार होणारं इस्ट्रोजेनही मदत करतं. त्यामुळे नुसता १५ किंवा १८ पाहून मी घाबरत नाही. पण खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात का, जिने चढताना मांड्यांत बळ नसल्यासारखं वाटतं का, नडगीचं हाड अंगठ्याने दाबलं की कळ येते का, हे मी प्रत्येकाला विचारतो आणि करूनही बघतो. यातलं काही असेल तर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन या चार तपासण्या करतो. त्यातून हाडांना डी कमी पडतंय की नाही हे एकट्या डीच्या आकड्यापेक्षा जास्त नेमकं कळतं. पॅराथायरॉइड हार्मोन स्थूलतेत थोडं चढलेलं असू शकतं, तेही ध्यानात ठेवूनच अर्थ लावावा लागतो.

वजन कमी झालं तर डी वाढतं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला मला आनंद वाटतो. वाढतं. रजोनिवृत्तीनंतरच्या ४३९ स्त्रियांवर झालेल्या वर्षभराच्या एका चाचणीत, १५ टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरलेल्यांचं डी सरासरी ७.७ नॅनोग्रॅमने वाढलं. ५ टक्क्यांहून कमी उतरलेल्यांत ही वाढ जेमतेम २ होती. म्हणजे थोड्या वजनाने आकडा फारसा हलत नाही, बरंच उतरलं तर हलतो.

वजनासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांना मात्र हे गणित लागू नाही. आतड्याचा भाग वळवला असेल तर डीचं शोषणच कमी होतं. अशांना शस्त्रक्रियेनंतर नियमित गोळी आणि नियमित तपासणी लागते. चरबीचं शोषण रोखणारं ऑर्लिस्टॅट चालू असेल तर डीची गोळी त्याच्यापासून काही तास लांब घ्या. फिटची काही जुनी औषधं डी लवकर मोडून टाकतात, तीही डॉक्टरांना सांगा.

आता तुम्ही काय करायचं. गोळी रिकाम्या पोटी घेत असाल तर दिवसातल्या सर्वांत भरपेट जेवणाबरोबर घ्या. तेल-तूप असलेल्या जेवणासोबत घेतलेलं डी जास्त शोषलं जातं. एका चाचणीत चरबी असलेल्या जेवणासोबत रक्तातली त्याची कमाल पातळी चरबी नसलेल्या जेवणापेक्षा ३२ टक्क्यांनी जास्त निघाली होती. डोस वाढवायचा की नाही हे तुमच्या डॉक्टरांसोबत, वजनाचं वरचं गणित समोर ठेवून ठरवा. उठण्या-बसण्याचा त्रास आणि हाडांचं दुखणं नसेल तर मी स्वतः २००० वरच ठेवून वाट पाहिली असती. टाकी रुंद आहे, तीन महिन्यांत ती भरून स्थिरावली असेलच असं नाही. पुढची तपासणी आणखी तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत करा. ताप किंवा मोठं दुखणं चालू असताना करू नका, कारण आजारपणात आकडा खोटाच खाली दिसतो. आणि दरम्यान वजन दहा-पंधरा किलोने उतरलं, तर तपासणीआधी ते डॉक्टरांना जरूर सांगा. तेव्हा हाच डोस तुमच्यासाठी मोठा ठरलेला असेल.